औषध मारलं, तरी तण हलेना: दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी रानात काय काय बघायचं

जून सरला की मला फोन सुरू होतात. वाक्य ठरलेलं असतं: "दादा, औषध डुप्लिकेट लागलंय बघा. गवत हलेना." आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले: माझं रान निपाणीजवळ, सासरवाडी खानापूरकडं आणि थोरली बहीण दिलीय अथणीच्या बाजूला. त्यामुळं ऊस, सोयाबीन, तंबाखू, भात, ज्वारी अशा सगळ्या तऱ्हांच्या रानांत खुरपं घेऊन बसायची वेळ माझ्यावर आलीय. पंधराएक वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. डुप्लिकेट औषध मिळतं, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा चूक बाटलीत नसते. बाटली उघडायच्या आधी नाहीतर उघडल्यानंतर ती आपल्याच हातून झालेली असते. खाली तपासण्या दिल्यात त्या फुकटापासून खर्चाच्या क्रमानं आहेत. मधलं सोडून शेवटी उडी मारू नका.

आधी लक्षण नेमकं ओळखा

"गवत मेलं नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. यातलं तुमच्या रानात काय आहे ते आधी बघा:

- फवारून आठवडा झाला, तण हिरवंगार. शेंडासुद्धा पिवळा नाही.
- वरचं जळालं, पण पंधरा दिवसांत त्याच जागेवरून नवे कोंब आले.
- रानात पट्टे पडलेत. एक पट्टा करपलेला, शेजारचा जिवंत.
- रुंद पानाचं सगळं गेलं आणि बारीक पानाचं माजलं. किंवा याच्या उलट.
- सगळं मेलं होतं, पण महिन्याभरात नवं बारीक तण दाट उगवलं.
- तण गेलं, पण पीकही पिवळं पडलं, पानं वाकडी झाली.
- तण दिसतच नाही, पण पाणी देऊनही पीक दुपारी माना टाकतंय. मग एक दिवस बुडख्याजवळ काहीतरी परकं उगवतं.

पहिली तपासणी: दिवस मोजा

मी रानात जायच्या आधी फोनवरच हे विचारतो. कधी मारलं? "चार दिवस झाले की." मग थांबा. पॅराक्वाटसारखं पान जाळणारं औषध दुसऱ्या दिवशी काम दाखवतं, आणि आपल्या डोळ्यांना तीच सवय लागलीय. सोयाबीन-भुईमुगात चालणारं इमॅझेथापायर, उसात लव्हाळ्यावर मारतात ते हॅलोसल्फ्युरॉन, ही आतून काम करणारी औषधं. तणाची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत थांबते, पण पिवळं पडून मरायला दोन-तीन आठवडे जातात. पाचव्या दिवशी धीर सुटून दुसरा हात मारला की तण नंतर मरतंच, पण सोयाबीनही महिनाभर बसतं. शेंड्याचं कोवळं पान बघा. चार दिवसांपूर्वी होतं तेवढंच असेल, तर औषध लागू पडलंय.

दुसरी तपासणी: तण मुळासकट उपटून हातात घ्या

याला खर्च शून्य, आणि निम्मी भांडणं इथंच मिटतात. आपण सगळ्यालाच "गवत" म्हणतो. आमच्याकडं भांगलायला, म्हणजे खुरपायला, येणाऱ्या कानडी बायका सगळ्यालाच "कस" म्हणतात. औषधाला मात्र तीन जाती कळतात: गवतवर्गीय, लव्हाळावर्गीय आणि रुंद पानाचं. एकाचं औषध दुसऱ्याला बहुधा लागत नाही.

देठ दोन बोटांत धरून फिरवा. तीन धारा बोटाला लागल्या तर तो लव्हाळा, म्हणजे कानडी लोकांचा जेकू. देठ गोल किंवा चपटा असेल, पेर असेल आणि पेराला मुळं फुटली असतील तर हरळी, ज्याला इकडं करकीही म्हणतात. मागच्या पावसाळ्यात संकेश्वरकडच्या एका उसात गेलो होतो. मालकानं फक्त गवतवर्गावर चालणारं क्विझॅलोफॉप दोनदा मारलं होतं. पैसे तर गेलेच, वर ऊस स्वतः गवतवर्गीय, म्हणून त्याचीही पानं पिवळी. सरीत बसून मी खुरप्यानं वीतभर माती उकरली. लव्हाळ्याच्या हरभऱ्याएवढ्या काळ्या गाठी, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, दोऱ्यात ओवल्यासारख्या हातात आल्या. त्यातली एक नखानं फोडली तर आत पांढरीशुभ्र आणि उग्र वासाची. वर दोन पानं मेली काय आणि जगली काय, खाली हे भांडार शाबूत होतं.

"वरचं जळालं, परत आलं" हे लक्षण असेल तर नव्वद टक्के लव्हाळा किंवा हरळीच. पान जाळणारं औषध गाठीपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथं ते मारणं फुकट आहे. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा कोवळा आणि सरीत ओल असताना. तेही एका वर्षात नायनाट करत नाही. कोंब आल्यावर तीन-चार आठवड्यांत लव्हाळा नव्या गाठी धरायला लागतो, म्हणून त्याच्या आत पुन्हा पुन्हा त्याचा शेंडा मोडत राहायचं. आणि त्याला सावली सोसत नाही हे लक्षात ठेवा. ऊस दाटून आला की तो आपोआप मागं पडतो. उसात नांगे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, राहिलेत तिथंच तो माजलेला दिसेल. ते नांगे वेळेत सांधणं औषधाहून स्वस्त पडतं.

भातात ओळख आणखी अवघड, कारण पाखड हे भातातलं गवत कोवळेपणी हुबेहूब भातासारखं दिसतं. पान खोडापासून हळूच मागं ओढून सांध्यात बघा. भाताला तिथं पांढरी पातळ जीभ असते, पाखडीला काहीच नसतं. खानापुरात माझी सासूबाई हे न बघता नुसत्या पानाच्या रंगावरून सांगते, पण ते आपल्याच्यानं होणार नाही.

तिसरी तपासणी: तणाचं वय

उगवणीनंतरची औषधं तण दोन ते चार पानांवर असताना मारायची असतात. सोयाबीनमध्ये म्हणजे पेरणीनंतर १५ ते २० दिवस. आपल्याकडं होतं काय, मृगाचा पाऊस लागून राहतो, वाफसा येत नाही, पंपवाला मिळत नाही आणि केन्यासारखं तण वीतभर होऊन पेरापेराला मुळं धरतं. मग तीच मात्रा त्याला पुरत नाही. मात्रा वाढवायची नसते, कारण वाढीव मात्रा पिकालाही बसते. वीतभर झालेलं तण कोळप्यानं आणि भांगलूनच काढायचं. सोयाबीन पहिले ३० ते ४५ दिवस तणापासून राखलं की पुढं ते स्वतः सरी झाकतं. ऊस मात्र सावकाश वाढतो, त्याला तीन-चार महिने राखावं लागतं. म्हणून "सोयाबीनला एकदा मारलं, उसालाही एकदाच" हा हिशेब चुकतो.

चौथी तपासणी: ओल, पाऊस, ऊन

पेरल्याबरोबर मारायची औषधं, उदाहरणार्थ पेंडीमिथॅलिन, मातीच्या वरच्या थरात पसरून उगवणारं बी मारतात. त्यासाठी माती ओली, बारीक आणि ढेकळं फुटलेली लागते. कोरड्या ढेकळांवर मारलं तर ढेकळाच्या पोटातलं बी नंतर आरामात वर येतं. तेही पेरणीपासून दोन-तीन दिवसांच्या आत. उशीर झाला आणि तण डोकावलं, की ते औषध कामाचं राहिलं नाही.

उगवणीनंतरच्या औषधाला उलट. तीन-चार तास पाऊस नको, पण तण तहानेनं मलूल झालेलंही नको. दुपारच्या उन्हात मिटलेलं, धुळीनं माखलेलं पान औषध आत घेत नाही.

पाचवी तपासणी: पंपातलं पाणी

पावसाळ्यात दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी गढूळ वाहतात आणि आपण बादली तिथंच बुडवतो. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट ही दोन्ही तणनाशकं मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. गढूळ पाण्यात ती पंपातच निकामी होतात, पानावर नुसतं पाणी पडतं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या. पलीकडचं बोट स्वच्छ दिसलं पाहिजे.

अथणी-रायबागच्या काळ्या रानात अडचण वेगळी. बोअरचं पाणी दिसायला नितळ, पण जड. साबणाला फेस येत नाही ते पाणी २,४-डी या रुंद पानाच्या तणावरच्या औषधाच्या क्षारांनाही बांधून टाकतं. बहिणीच्या रानात मी २,४-डी च्या सोडियम सॉल्टची पावडर बोअरच्या पाण्यात कालवली. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या आणि जाळीत अडकल्या. नोझल चारदा काढून फुंकलं. शेवटी छपरावरून पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचं बॅरल उपसलं, तेव्हा काम झालं. आता तिथं तणनाशकासाठी एक बॅरल पावसाच्याच पाण्याचं राखून ठेवतात.

सहावी तपासणी: नोझल, चाल आणि एका गुंठ्याचा हिशेब

पट्टे पडलेत असं लक्षण असेल तर कारण बहुधा इथंच असतं. सगळ्यांत जास्त चुका मला इथंच सापडल्यात.

दुकानात आपण विचारतो, "पंपाला किती टाकू?" हा प्रश्नच चुकीचा आहे. औषध एकराला ठरलेलं असतं, पंपाला नाही. इमॅझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिली. दुकानदार सांगतो, पंपाला ४० मिली, कारण त्याच्या हिशेबात एकराला दहा पंप. आता तुमचा गडी झपाझपा चालणारा, त्यानं एकर सहा पंपांत उरकला. रानात पडलं २४० मिली. तण मरणार कसं? दुसऱ्याचा गडी रमतगमत जाणारा, त्यानं चौदा पंप ओतले. त्याच्या रानात ५६० मिली, आणि तो म्हणतो औषध जहाल आहे, सोयाबीन जाळलं. दुकान एक, बाटली एक.

म्हणून आधी साध्या पाण्यानं एक गुंठा फवारा. ३३ फूट बाय ३३ फूट, चार कोपऱ्यांत काठ्या रोवा. पंपात मोजून दहा लिटर पाणी घाला, रोजच्या चालीनं फवारा आणि उरलेलं पाणी मोजा. पाच लिटर लागलं, तर एकराला ४० गुंठ्यांचे २०० लिटर. सोळा लिटरचा पंप असेल तर साडेबारा पंप, म्हणजे पंपाला ३२ मिली. तुमच्या माणसाची चाल, तुमचा पंप, तुमचं नोझल यांचा हा आकडा आहे. शेजाऱ्याचा आकडा घेऊ नका. आणि तो दर हंगामात पुन्हा काढा, कारण नोझलचं भोक झिजून मोठं होतं.

नोझल कोणतं आहे तेही बघा. कीटकनाशकाचं गोल फवारा सोडणारं नोझल तणनाशकाला नको. पंख्यासारखा चपटा फवारा देणारं लागतं, आणि एका फेरीची कड दुसऱ्या फेरीवर थोडी चढली पाहिजे. नळी दोन्हीकडं हलवत हलवत मारायची सवय असते, तिथं मधे जास्त आणि कडेला कमी पडतं. तेच ते पट्टे. बागेवर मारायच्या मोठ्या गननं तणनाशक मारणाऱ्यांना मी हात जोडतो. ते धुकं शेजारच्या रानात जातं.

सातवी तपासणी: पंप कशासाठी वापरला होता

ही माझी स्वतःची चूक. उसात २,४-डी मारलं, पंप एकदा विसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपानं घरच्या परड्यातल्या मिरचीवर फुलकिड्याचं औषध मारलं. चार दिवसांनी मिरचीचे शेंडे पाकोळीसारखे वळले. पानं लांबट, शिरा उठलेल्या, हाताची बोटं आखडल्यासारखी. आधी वाटलं बोकड्या रोग. पण बोकड्या एका टोकापासून पसरत जातो. इथं सगळी झाडं एकाच दिवशी वाकडी झाली होती. शेजारच्या तंबाखूवर उडालेल्या फवाऱ्याचंही असंच होतं, आणि मग बांधावरचं नातं महाग पडतं. २,४-डी वारा पडलेला असताना, सकाळी, नळी खाली धरून मारायचं. तंबाखू, मिरची, टोमॅटो, कापूस, द्राक्ष, वाल, चवळी शेजारी असेल तर मारायचंच नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. नसेल जमत तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तीनदा धुवा, आणि नळी व नोझलमधूनही ते पाणी काढा.

"तण गेलं, पीकही पिवळं" याचं दुसरं कारण मागच्या हंगामात असू शकतं. इमॅझेथापायरचा अंश जमिनीत काही महिने राहतो. सोयाबीन निघाल्यावर लगेच ज्वारी किंवा भाजीपाला केला आणि तो बसला, तर कीड-रोग शोधण्याआधी खरिपात काय मारलं होतं ते आठवा.

आठवी तपासणी: तण येतंय कुठून

सगळं मेलं होतं आणि पुन्हा नव्यानं उगवलं, म्हणजे औषधानं त्याचं काम केलंय. तुम्ही नवं बी आणताय.

रोटाव्हेटर माझा पहिला संशयित. हरळी आणि लव्हाळा असलेल्या ओल्या रानात रोटर फिरवला की हरळीच्या एका दोरीचे पन्नास तुकडे होतात आणि प्रत्येक पेर फुटतो. लव्हाळ्याच्या माळेत वरची गाठ खालच्यांना झोपवून ठेवते. माळ तुटली की सगळ्या जाग्या होतात. शिवाय भाड्याचा रोटर मागच्या मालकाच्या रानातली हरळी पात्यांत अडकवून घेऊन येतो. बांधावर उभं राहून आधी पाती साफ करायला लावा. ट्रॅक्टरवाला कुरकुरतो, कुरकुरू दे. अशा रानाला रोटर नको. एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळं तापू द्यायची आणि कुळवाच्या फणाला लागलेल्या काशा, म्हणजे हरळीचे जमिनीतले दोर, वेचून बांधाबाहेर काढायच्या. गाठी उन्हात वाळल्या तरच मरतात.

शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यातलं बी जिवंत राहतं. उकिरड्याच्या कडेला काँग्रेस गवत फुललं असेल तर ते त्याच खतातून रानात जातं. फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते. बिनपिकाच्या जागेत त्याची पानं कुरतडलेली दिसली आणि पानावर पांढरट, काळ्या रेघांचे भुंगे असले, तर तिथं औषध मारू नका. ते मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बेंगळुरूला मुद्दाम सोडले होते, ते आपलंच काम करतायत. धनगराची बकरी रानात बसवली तर लेंडीतून थोडं बी येतं, हे खरं. पण त्या खतापुढं तेवढी भांगलण परवडते, माझं तरी मत असं आहे.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय लोक टाळतात. मे महिन्यात वळीव झाला की रान तयार करून तसंच सोडा. आठ-दहा दिवसांत तणाचा हिरवा गालिचा येतो. त्यावर कुळवाची हलकी पाळी द्या आणि मग पेरा. वरच्या थरातलं निम्मं बी पेरणीच्या आधीच संपतं. पाळी खोल दिली तर खालचं बी वर येतं, म्हणून हलकी.

भाताचं थोडं वेगळं

खानापूरकडं कुरीनं, म्हणजे पाभरीनं, धूळवाफेत पेरलेलं भात आणि रोप लावलेलं भात, दोन्ही आहे. लावणीच्या भातात तण वारंवार येत असेल तर औषधाआधी बांध बघा. चिखलणीनंतर दोन बोटं पाणी ठरलं तर बहुतेक तण उगवतच नाही. माझ्या मेहुण्याच्या एका खाचरात दरवर्षी एकाच कोपऱ्यात पाखड माजायची. तिसऱ्या वर्षी बांधाच्या पोटात खेकड्याची बिळं सापडली, पाणी रात्रीत खालच्या खाचरात उतरत होतं. चिखल आणि दगड ठोकून बिळं बुजवली, तण गेलं.

कुरीनं पेरलेल्या भातात तण आणि भात एकदमच उगवतात, म्हणून तिथं कोळपं लवकर फिरलं पाहिजे. बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के, एकरी १०० मिली, तण तीन-चार पानांवर असताना मारतात. खाचरात पाणी असेल तर ते आधी काढायचं, कारण पाण्याखाली बुडालेल्या पानाला औषध लागणार कुठून? दोन-तीन दिवसांनी पाणी पुन्हा भरायचं. हे पाणी भरणं लोक विसरतात आणि मग नवी उगवण होते.

उसाच्या खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा. पाचटाखाली बी उगवत नाही. चांदवेल हे वेलीसारखं तण मात्र त्यातूनही वर येतं आणि भरणीनंतर उसाला गुंडाळतं. ते फुलायच्या आधी बुडातून उपटलं नाही, तर तोडणीला टोळी शिव्या घालते.

सगळ्यांत वाईट: मुळांवर जगणारी तणं

शेवटचं लक्षण, पीक माना टाकतंय आणि तण दिसत नाही. अथणीच्या हलक्या माळावर ज्वारीत, आणि आता उसातही, टारफुला येतो. निपाणीच्या तंबाखूत बंबाखू. बंबाखूला हिरवं पानच नसतं. तंबाखूच्या बुडख्यातून फिकट पिवळसर कोंब वर येतो, त्याला जांभळट फुलं लागतात. खाली उकरलं तर तो तंबाखूच्याच मुळाला चिकटलेला असतो. टारफुला हिरवा दिसतो, पण तोही ज्वारीच्या मुळातूनच पितो. दोन्ही जमिनीवर दिसतात तेव्हा नुकसान बरंचसं होऊन गेलेलं असतं.

इथं उपटणं या वर्षीच्या पिकासाठी नसतं, पुढच्या पिकांसाठी असतं. बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. फूल उमलायच्या आधी उपटा, बांधावर टाकू नका, पोत्यात भरून जाळा. बांधावर टाकलेला बंबाखूसुद्धा बी पिकवतो. पुढच्या वर्षी पीक बदला. ज्वारीच्या जागी भुईमूग, सोयाबीन, चवळी, कापूस किंवा सूर्यफूल घेतलं, तर त्यांच्या मुळांच्या स्रावानं टारफुल्याचं बी उगवतं, पण चिकटायला मूळ न मिळाल्यानं मरतं. तंबाखूआधी मूग किंवा तीळ घेतल्यानं बंबाखूचंही तसंच होतं. उपाशी रानात टारफुला जास्त, तेव्हा शेणखत आणि नत्रात हात आखडू नका.

औषध खरंच खराब असेल तर

वरचं सगळं बरोबर होतं आणि तरी तण जिवंत आहे, मग बाटलीवर संशय घ्या. उरलेलं औषध फेकू नका. दुसऱ्या दुकानातून त्याच औषधाचं लहान पॅकिंग आणा, एकाच तणाच्या दोन शेजारच्या गुंठ्यांवर दोन्ही सारख्या मात्रेनं मारा आणि तीन आठवडे थांबा. फरक दिसला तर तुमच्या बोलण्याला वजन येतं. त्यासाठी पक्कं बिल लागतं, त्यावर बॅच नंबर लागतो. एकदा मी स्वतः बिल न घेता पाच बाटल्या आणल्या आणि नंतर दुकानदारापुढं तोंड उघडायची सोय राहिली नाही. आपल्याकडं बाटलीबरोबरचा कागद पुष्कळदा कानडी आणि इंग्रजीत असतो. घरात कानडी शाळेत जाणारं पोर असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. मात्रा, पीक आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, एवढं तरी.

इथं थांबा, माणूस बोलवा

ग्लायफोसेट घेऊन स्वतः पिकात उतरू नका. देशात ते चहाच्या मळ्यांसाठी आणि बिनपिकाच्या जागेसाठीच नोंदलेलं आहे, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ते फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं ठरवलं. सरीत "थोडं खाली धरून" मारलेल्या उसाचे बसलेले कोंब मी पाहिलेत.

दोन औषधं मनानं एकत्र करायची वेळ आली, तर थांबा. पीक एकसारखं पिवळं पडून आठ दिवसांत नवं पान नीट येईना, तर वर टॉनिक ओतत बसू नका. त्याच दिवशी होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, जा आणि अधिकाऱ्याला रान दाखवा, उशीर झाला की कारण सांगता येत नाही. दोन हंगाम सगळं बरोबर करूनही एकच तण उरत असेल, किंवा टारफुला-बंबाखू एकराच्या बाहेर पसरला असेल, तर ते माझ्यासारख्याचं काम नव्हे. मुळासकट झाड ओल्या फडक्यात गुंडाळून न्या: बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र, उसासाठी संकेश्वरचं आणि तंबाखूसाठी निपाणीचं धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१.

आणि फवारणाऱ्याला मळमळ झाली, डोळ्यांत किंवा तोंडात औषध गेलं, तर रान तसंच सोडा. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, डोळ्यांवर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. घरगुती उपाय म्हणून उलटी करवू नका. पॅराक्वाट असेल तर "बरा दिसतोय" म्हणून घरी ठेवू नका, त्याला उतारा नाही आणि तो दोन-चार दिवसांनी फुप्फुसं धरतो. बाटली लेबलासकट पिशवीत घाला आणि माणसाबरोबर दवाखान्यात न्या. डॉक्टर आधी तीच मागतात.